बुटीबोरीच्या बॉयलरसाठी कोळसा: चार प्रकारचा माल वर्षभर जाळून पाहिल्यानंतर

आमच्या नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या कारखान्यात स्वतःच्या वापरापुरता 15 मेगावॅटचा वीजसंच आहे. त्याचा बॉयलर फ्लुइडाइज्ड बेड जातीचा आहे, म्हणजे खालून येणाऱ्या हवेच्या जोरावर राखेचा आणि कोळशाचा थर, म्हणजेच बेड, उकळत्या आमटीसारखा सतत खदखदत राहतो आणि त्यातच कोळसा जळतो. माल बरा असला तर हा बॉयलर दिवसाला साधारण 330 टन कोळसा खातो. गेल्या वर्षभरात आम्ही त्याला चार प्रकारचा कोळसा घातला: खाणीतून करारावर थेट आलेला, एका खासगी डेपोवरून उचललेला, वॉशरीत, म्हणजे पाण्याने दगड वेगळा काढणाऱ्या कारखान्यात, धुतलेला आणि अगदी थोडा इंडोनेशियाचा. कोळशाचा सौदा खरेदी विभाग करतो आणि त्याची फळे बॉयलर हाऊसला भोगावी लागतात. मी बॉयलर हाऊसचा माणूस आहे, त्यामुळे हे परीक्षण थोडे त्या बाजूला कललेले वाटले तर ते तसे आहेच.

आधी ग्रेडविषयी, कारण सौदा तिच्यापासून सुरू होतो आणि वादही तिथेच सुरू होतो. 2012 च्या जानेवारीपूर्वी वीज केंद्रांच्या कोळशाला ए ते जी अशा सात ग्रेड होत्या आणि त्या एका सूत्रावर बसवलेल्या असत: राख आणि ओलावा यांच्या टक्क्यांची बेरीज करायची, तिला 138 ने गुणायचे आणि तो गुणाकार 8900 मधून वजा करायचा. 35 टक्के राख आणि 7 टक्के ओलावा असलेला कोळसा या हिशेबाने किलोमागे 3104 किलोकॅलरींवर येई आणि एफ ग्रेडमध्ये बसे. आता प्रत्यक्ष जाळून मोजलेल्या एकूण उष्मांकावर, म्हणजे ज्याला सगळे जीसीव्ही म्हणतात त्यावर, जी-1 ते जी-17 अशा सतरा पायऱ्या ठरल्या आहेत. पहिली पायरी 7000 च्या वरची, आणि तिच्या खालची प्रत्येक पायरी किलोमागे 300 किलोकॅलरींची आहे. 4000 च्या वर आणि 4300 पर्यंत असलेला माल जी-11, त्याच्या खालचा 3700 पर्यंतचा जी-12, आणि असेच पुढे. जुने दलाल मात्र अजूनही ‘ई ग्रेड आहे साहेब, डोळे झाकून घ्या’ असेच सांगतात, आणि डोळे झाकून घेतला की तो माल बहुधा जुन्या ई मध्येही बसत नाही, आणि नव्या पायऱ्यांत तर ई नाहीच.

अहवालावरच्या जीसीव्हीच्या आकड्याशेजारी तो कोणत्या ओलाव्यावर काढला आहे हे लिहिलेले असते, आणि ते वाचल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नसतो. खाणीची ग्रेड ठरवताना नमुना 40 अंश सेल्सिअस तापमान आणि 60 टक्के सापेक्ष आर्द्रता यांत ठेवून त्याचा ओलावा स्थिरावला की मगच उष्मांक मोजतात. व्यापारी बहुतेक वेळा हवेत वाळवलेल्या नमुन्याचा आकडा पुढे करतो. आमच्या फीडरमध्ये मात्र जसा ट्रकमधून उतरला तसाच कोळसा पडतो. समजा, वाळवलेल्या नमुन्यात 6 टक्के ओलावा आणि 4200 किलोकॅलरी उष्मांक आहे, आणि यार्डात आलेल्या मालात एकूण ओलावा 14 टक्के आहे. तर 4200 ला 86 ने गुणून 94 ने भागायचे, आणि हातात येतात सुमारे 3840. तोच माल आषाढात 20 टक्के ओलाव्याने आला तर 3575 च्या आसपासच उरतात. कागदावर जी-11 असलेला कोळसा भट्टीच्या तोंडाशी जी-13 सारखा वागतो आणि यात कोणी लबाडी केलेली असतेच असे नाही; ढगांनी केलेली असते. त्याखेरीज या वाढीव सहा टक्के पाण्याचे पैसे आपण कोळशाच्या भावाने मोजतो, त्याची वाफ करून ती चिमणीतून सोडायला किलोमागे आणखी पस्तीसेक किलोकॅलरी खर्च करतो, आणि ओला चुरा बंकरच्या तोंडाशी चिकटला की दोन माणसे लोखंडी सळ्या घेऊन तो पाडत बसतात.

म्हणून आमच्याकडे आता टनाचा भाव विचारण्यापूर्वी हजार किलोकॅलरींचा भाव काढला जातो. उदाहरणादाखल, एक माल कारखान्यापर्यंत पोचता 4200 रुपये टन पडतो आणि आल्या अवस्थेत 3840 किलोकॅलरी देतो. दुसरा 3600 रुपये टन पडतो आणि 3100 देतो. खरेदी विभागाच्या तक्त्यात दुसरा माल टनाला 600 रुपयांनी स्वस्त आहे. उष्णतेच्या हिशेबाने पहिला हजार किलोकॅलरींना सुमारे 1 रुपया 9 पैशांना पडतो आणि दुसरा 1 रुपया 16 पैशांना. पुढे राख येते. पहिल्या मालात 34 टक्के आणि दुसऱ्यात 45 टक्के राख धरली, तर तेवढीच उष्णता मिळवण्यासाठी 330 टनांऐवजी सुमारे 409 टन कोळसा जाळावा लागतो आणि दिवसाची राख 112 टनांवरून 184 टनांवर जाते. ही जास्तीची 72 टन राख बेडमधून काढायची, ईएसपीच्या, म्हणजे धुरातली राख पकडणाऱ्या यंत्राच्या, हॉपरमधून उतरवायची, सायलोत भरायची आणि रोज बाहेर पाठवायची. तिच्यातली वाळूसारखी सिलिका बेडमधल्या नळ्या घासत राहते, आणि नळी फुटली की संच बंद. हा हिशेब कोणत्याही कोटेशनमध्ये नसतो.

यात करांच्या बदलाने एक नवा गोंधळ आणला आहे. 22 सप्टेंबर 2025 पूर्वी कोळशावर 5 टक्के जीएसटी आणि टनामागे सरसकट 400 रुपये भरपाई उपकर होता. त्या दिवसापासून उपकर गेला आणि जीएसटी 18 टक्के झाला. उपकर प्रत्येक टनावर सारखाच असल्यामुळे हलक्या कोळशाच्या उष्णतेवर त्याचा बोजा अधिक पडत असे, तो आता उतरला आहे. ज्यांना क्रेडिट घेता येत नाही, म्हणजे खरेदीवर भरलेला कर आपल्या देण्याच्या करातून वळता करता येत नाही, त्यांच्यासाठी टनाचा मूळ भाव साधारण 3077 रुपयांच्या आत असेल तर नवी व्यवस्था स्वस्त आणि त्याच्या वर असेल तर महाग पडते. आमच्यासारख्या करपात्र माल बनवणाऱ्या कारखान्याला जीएसटीचे क्रेडिट मिळते, उपकराचे मिळत नव्हते, त्यामुळे आमचे 400 रुपये सरळ वाचले. डेपोवाल्यांनी याचा अर्थ ‘आता हलका मालच परवडतो’ असा लावला आहे. तो अर्धाच खरा आहे, कारण कर उतरला असला तरी त्या मालातली राख होती तेवढीच राहिली आहे.

आता डेपोच्या मालाविषयी, ज्याच्यामुळे हे सगळे लिहायला बसलो. पुरवठादाराचे नाव घेत नाही. असा पुरवठादार हा एकटाच आहे असेही नाही. पावसाळ्याच्या तोंडावर खाणीची उचल मंदावते म्हणून आम्ही त्याच्याकडून दोन महिन्यांचा माल घेतला. सौदा होताना त्याने टेबलावर ठेवलेला नमुना असा होता की तो दुकानाच्या काचेत ठेवावा: चकचकीत, हलका, फोडला की धारदार कडांनी फुटणारा. पहिल्या आठवड्यातले टिप्परही बरे होते. दुसऱ्या आठवड्यात धर्मकाट्यावरून आलेला एक टिप्पर यार्डात रिकामा होत असताना मी जवळ उभा होतो. फाळका उघडल्यावर आधी वरचे मोठे, काळेभोर तुकडे घरंगळले, आणि मग खालून चपट्या पाट्यांसारखा माल धबाधब उतरला. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याच्या पेटीचा वरचा थर पाहून भाव करणाऱ्याची जी गत होते तीच आमची झाली. त्यातली एक पाटी उचलली तर हाताला कोळशाच्या मानाने जड लागली. बादलीत बुडवून चोळली. पाणी काळे झाले आणि पाटी राखाडी निघाली. तो शेल होता, कोळशाच्या थरांमधला दगड, त्यावर चुऱ्याचा नुसता लेप बसलेला.

शेल जळत नाही एवढेच त्याचे दुखणे असते तर कमी उष्णता मिळाली म्हणून गप्प बसता आले असते. आमच्या बॉयलरला कोळसा 6 ते 8 मिलीमीटरच्या आत दळून लागतो. क्रशरचे हातोडे झिजले की दगड तसाच पुढे सरकतो, आणि मोठा दगड हवेने उचलला जात नाही. तो थेट तळाशी, हवेच्या नोझलांवर जाऊन बसतो. जुलैतल्या एका रात्रपाळीत पॅनेलवर बेडचे एक तापमान हळूहळू खाली जाऊ लागले आणि त्याच्या शेजारचे वर चढू लागले. आमचा जुना फायरमन ते आकडे बघून म्हणाला, “साहेब, एका कोपऱ्यात बेड मेला आहे.” तो बरोबर होता. दगडांनी हवा अडवल्यामुळे तेवढ्या जागी थर खदखदायचा थांबला होता आणि लगतच्या भागात उष्णता साचून राख वितळायला लागली होती. एरवी आपल्याकडच्या कोळशाच्या राखेत सिलिका आणि अॅल्युमिना मुबलक असल्याने ती सहसा 1400 अंशांच्या आसपास किंवा वरच मऊ होते, आणि बेड 850 ते 900 अंशांवर चालतो. म्हणजे क्लिंकर, वितळलेल्या राखेचा दगडासारखा गोळा, होण्याचे कारणच नाही, असे पुस्तकात वाचून आम्ही निश्चिंत होतो. हवा बंद पडलेल्या खळग्यात पुस्तक लागू होत नाही. संच बंद करून भट्टी थंड व्हायची वाट पाहावी लागली, आणि मग छिन्नी-हातोडीने क्लिंकर फोडून काढण्यात पूर्ण दिवस गेला. बाहेर आलेला सर्वांत मोठा गोळा दोघांनी मिळून उचलावा लागला. त्याच महिन्यात क्रशरमधून खाणीवरच्या एक्स्कॅव्हेटरच्या बादलीचा एक पोलादी दात निघाला, जो आमच्या चुंबकालाही चुकवून आला होता.

तक्रार केल्यावर पुरवठादाराने एका प्रयोगशाळेचा अहवाल पाठवला, ज्यात जीसीव्ही आमच्या मोजणीपेक्षा दोन पायऱ्यांनी वर होता. त्याला मी खोटा म्हणणार नाही. ज्या गोणीतला नमुना तपासला त्या गोणीपुरता तो खराच असेल. बॉम्ब कॅलरीमीटर हे यंत्र फार प्रामाणिक आहे. बेंझॉइक आम्लाची वडी जाळून ते 6318 कॅलरींवर लावून घेतलेले असते, दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते 1 ग्रॅम भुकटी जाळते आणि पाण्याचे तापमान किती वाढले ते सांगते. दोन चांगल्या प्रयोगशाळांमध्ये एकाच भुकटीवर सत्तरेक किलोकॅलरींचा फरक पडला तर तो मान्य करण्यासारखा मानतात. दोन पायऱ्यांचा, म्हणजे 600 चा फरक यंत्रात उगवत नाही. तो फावड्यात उगवतो. 30 टनांच्या टिप्परमध्ये तीन कोटी ग्रॅम कोळसा असतो आणि त्यातला एक ग्रॅम जळून निकाल देतो. तो एक ग्रॅम कोणी, कुठून आणि किती खोलातून घेतला यावर सगळे ठरते.

या अनुभवानंतर आम्ही नमुना घेण्याचे काम शहरातल्या एका स्वतंत्र चाचणी संस्थेला दिले, आणि वर्षभरात ज्या सेवेवर खर्च केल्याचे समाधान वाटले ती ही एकमेव. त्यांची दोन मुले यार्डात माल उतरल्यावर ढिगाच्या ठरलेल्या जागा आखतात, वरचा वीतभर थर बाजूला सारून आतून नमुना घेतात, सगळा नमुना दगडासकट दळतात (दगड वेचून फेकणे ही सर्वांत जुनी युक्ती), त्याचा शंकू करून चार भाग पाडतात, समोरासमोरचे दोन ठेवतात आणि हे पुन्हा पुन्हा करून उरलेल्या मालाच्या तीन सीलबंद पिशव्या करतात: एक आमची, एक पुरवठादाराची, एक वादासाठी राखून ठेवलेली. ओलाव्याचा नमुना मात्र लगेच, वेगळा, हवाबंद डब्यात घ्यावा लागतो, आणि इथे त्यांची थोडी ढिलाई दिसली. मे महिन्यात डबा दुपारभर उन्हात उघडा राहिलेला मी स्वतः पाहिला. नागपूरच्या 45 अंशांत त्या कोळशाने किती पाणी सोडले असेल हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. सांगितल्यावर सुधारणा झाली. मोठ्या वीज केंद्रांसाठी खाणीवर सीआयएमएफआर या सरकारी खाण आणि इंधन संशोधन संस्थेसारख्या संस्था त्रयस्थ नमुना घेतात आणि 2018 पासून ‘उत्तम’ नावाच्या अॅपवर त्याचे निकाल पाहता येतात. लहान ग्राहकाने किमान ज्या खाणीचा माल आहे तिथले जुने निकाल पाहूनच बोली लावावी.

खाणीचा थेट माल आम्ही उमरेडकडून आणि वणीकडून घेतला. वेस्टर्न कोलफिल्ड्स या इथल्या सरकारी कंपनीच्या खाणींचा कोळसा झारखंडच्या मानाने अंगचीच ओल जास्त बाळगतो, पण त्यात वायुरूप होऊन पेटणारा भाग पुरेसा असल्याने पेट लवकर घेतो. मोठ्या भुकटी-बॉयलरमध्ये चारपैकी तीन भाग 75 मायक्रॉनच्या चाळणीतून जाईल इतका तो बारीक दळावा लागतो, त्यामुळे तिथे दळला जाण्याची सुलभताही तितकीच पाहतात. आमच्या जातीच्या बॉयलरला तो प्रश्न कमी आणि चुऱ्याचा अधिक आहे, कारण फार बारीक माल न जळताच हवेबरोबर वर निघून जातो. तो उडालेला कार्बन राखेत सापडतो, आणि उडत्या राखेत जळण्याजोगा अंश 5 टक्क्यांच्या वर गेला की सिमेंटवाले ती घेत नाहीत. थेट मालाचा खरा गुण त्याच्या सातत्यात आहे. एकाच थरातला कोळसा महिनाभर येत राहिला की ऑपरेटरचा हात बसतो, हवा किती द्यायची हे त्याला पॅनेलकडे न बघता कळते. त्याच्यापेक्षा 200 किलोकॅलरींनी सरस पण रोज बदलणाऱ्या मालापेक्षा मी हा घेईन. दोष दोन आहेत. खुल्या खाणीचा माल आकाराने ओबडधोबड येतो, ट्रंकएवढे दगडही त्यात असतात. आणि हा कोळसा साठवणीत पेटतो.

वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआप तापतो हे सगळ्यांना माहीत असते आणि एप्रिलमध्ये सगळे विसरतात. आम्हीही विसरलो. बंद काळात लागेल म्हणून केलेल्या ढिगाच्या कडेला एका सकाळी रॉकेलसारखा उग्र वास आला, मग पातळ धूर दिसला. वरून पाणी मारून काही होत नाही, ते आत पोचतच नाही. ढीग उपसून, पसरून, निववून तो माल आधी जाळून टाकावा लागला. आता ढीग तीन मीटरच्या वर जाऊ देत नाही, थराथराने डोझर फिरवून दाबतो, लोखंडी नळीत तापमापक सोडून रोज बघतो आणि 55 अंश दिसले की तो भाग आधी उचलतो. जुना माल आधी आणि नवा नंतर, ही धान्याच्या कणगीची रीत इथेही चालते.

धुतलेल्या कोळशाबद्दल आमचे मत आधी चांगले होते. राख तिशीच्या घरात आली, दगड जवळजवळ गेले, क्रशरचे हातोडे दुप्पट टिकले. पण धुण्याचे पाणी कोळशाबरोबरच येते, आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या चुऱ्याने आमच्या चुटा, म्हणजे कोळसा खाली सोडणाऱ्या घसरपट्ट्या, इतक्या तुंबल्या की राखेत वाचवलेले श्रम तिथे खर्च झाले. शेवटच्या काही गाड्यांत रिजेक्ट, म्हणजे धुण्यात बाजूला काढलेला दगडी माल, मिसळल्याचा संशय आहे, सिद्ध करता आला नाही. नोव्हेंबर ते मे हा माल घ्यावा, एरवी नाही, या निष्कर्षावर मी आलो आहे. 2014 च्या नियमाने खाणींपासून दूरच्या वीज केंद्रांना 34 टक्क्यांच्या आतल्या राखेचा कोळसा बंधनकारक होता, ती अट 2020 मध्ये निघाली. खाणीच्या अंगणात राहणाऱ्या आम्हाला तो प्रश्न कधी नव्हताच.

इंडोनेशियाचा कोळसा आमच्यासाठी नाही. त्यात राख इतकी थोडी की आमचा बेडच खाली बसू लागला आणि बेडसाठी रेती विकत घ्यावी लागली. बंदरापासून नागपूरपर्यंतचे भाडे निराळे. किनाऱ्यावरच्या, त्यासाठीच बांधलेल्या केंद्रांनी तो जाळावा.

यंदाच्या करारात आम्ही चार अटी घातल्या आहेत: भाव आल्या अवस्थेतल्या उष्मांकावर, ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त ओलाव्याचे वजन बिलातून वजा, 50 मिलीमीटरच्या वरचा शेल दिसला तर टिप्पर परत, आणि नमुना आमच्या यार्डातला, त्रयस्थाने घेतलेला. खाणीकडच्या मालाबरोबर साधारण चौथा हिस्सा धुतलेला मिसळून हिवाळ्यापासून बॉयलर चालू आहे आणि तेव्हापासून क्लिंकर झालेला नाही. गेल्या सोमवारी त्याच डेपोवाल्याचा माणूस पुन्हा आला. कापडी पिशवीत पाच किलोंचा नवा नमुना होता, प्रत्येक तुकडा हाताने निवडल्यासारखा चकचकीत. मी त्याला चहा दिला, पिशवी न उघडता परत केली आणि त्याऐवजी एक भरलेला टिप्पर पाठवायला सांगितले. टिप्पर अजून आलेला नाही.